निमकरांच्या दारातली वाट

चंद्रावती मढवी दगडाला हात लावण्याआधी मिठाला हात लावते. कामावर आली की पिशवीतून स्टीलची वाटी काढते, तिच्यात मूठभर जाडं मीठ ओतते आणि वाटी उघड्यावर, पण सावलीत ठेवते. मग अर्धा तास बाकीची कामं करते. कडेच्या पट्ट्या ठोकणं, दोरी ताणणं, झाडू मारणं. अर्ध्या तासाने ती मीठ चिमटीत घेऊन चोळते. खरखरीत लागलं तर काम सुरू. बोटांना चिकटलं तर त्या दिवशी मिक्सर फिरत नाही, मग घरमालक कितीही घाईत असो. हवेतली ओल मोजायचं एक छोटं यंत्रही तिच्याकडे आहे. ते ती मालकांना दाखवते. स्वतः विश्वास ठेवते मिठावर.

तिचं काम सांगायला सोपं आहे. तांदळापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे गोटे काचेसारख्या पारदर्शक रेझिनमध्ये घोळवायचे. चिवड्याची फोडणी जशी दाण्यादाण्याला लागावी लागते, तसं रेझिन प्रत्येक गोट्याला लागलं पाहिजे. मग तो माल बागेतल्या वाटेवर किंवा घरापुढच्या बसायच्या जागेवर बोटभर जाडीचा पसरायचा आणि थापीने सपाट करायचा. रात्रीत तो घट्ट होतो. गोट्यांमधल्या फटींतून पाणी खाली झिरपून जातं, वर साचत नाही, शेवाळ धरत नाही. पण घट्ट होण्याआधी मात्र त्याला पाण्याचा थेंब सोसत नाही. ओल लागली की रेझिन फेसाळतं, पांढरं पडतं आणि गोटे एकमेकांना सोडून देतात. म्हणून मीठ.

मिठाची ओळख तिला जन्मापासूनची. उलव्याजवळच्या एका गावात तिच्या माहेरची मिठागरं होती. वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून सपाट करायचं काम मुलींकडे असे. एकमेकींच्या कमरेला धरून, ओळीने, टाचेने चिखल दाबत पुढे जायचं. कुठे खळगा राहिला तर तिथे पाणी जास्त साचे आणि मीठ काळपट येई. वडील ओरडत नसत. ते फक्त त्या खळग्यापाशी जाऊन उभे राहत. आता तिथे इमारती आहेत आणि त्यांच्या माथ्यावरून विमानं उतरतात. चंद्रावती त्याबद्दल फारसं बोलत नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणते, "मीठ खारं व्हतं. दुसरं काय सांगू?"

लग्नानंतर ती एका नर्सरीत कामाला लागली. तिथून बागा तयार करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. सहा वर्षांपूर्वी त्याने हे रेझिनचं काम सुरू केलं, तेव्हा शिकवायला बंगळुरूहून एक माणूस आला होता. सगळे पुरुष थापी जोर लावून दाबत आणि गोटे थापीला चिकटून वर येत. चंद्रावती तेव्हा पोती उचलायला होती. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने थापी टर्पेंटाइनने पुसली आणि हाताचा भार न देता नुसती सरकवली. बंगळुरूचा माणूस जेवून आला, तिने केलेल्या तुकड्याकडे बघत राहिला आणि मग त्याने ओणवं होऊन त्यावर गाल टेकवला. सपाटी बघायची ती त्याची रीत होती. त्या दिवसापासून थापी तिच्या हातात राहिली.

सहा वर्षं राहिली. कंत्राटदाराच्या फोनमधल्या फोटोंत तिचे हात सगळीकडे आहेत, चेहरा कुठेच नाही. गेल्या दिवाळीनंतर तिने सांगितलं की मी आता माझी कामं घेणार. तो हसला. म्हणाला, "घे की. पहिलं काम उखडलं की ये परत. तुझी पोती कुठे पळून जात नाहीत."

ते पहिलं काम नवीन पनवेलला, आमच्या शेजारच्या निमकरांकडे मिळालं. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या आठवड्यात जे घडलं त्यातलं बरंचसं या भिंतीवरून दिसलं आणि उरलेलं चंद्रावतीने स्वतः सांगितलं.

निमकरांच्या दारापासून फाटकापर्यंत एकवीस पावलं आहेत. आधी तिथे पेव्हर ब्लॉक होते. रामफळाच्या मुळाने त्यातला एक उचलला आणि दोन वर्षांपूर्वी विनायकराव निमकर त्याला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते जोडलं गेलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, पण विनायकराव खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. काठी खुर्चीच्या हाताला टांगलेली. आशालताकाकूंनी कधी विषय काढला तर म्हणायचे, "मला कुठे जायचंय?"

काकूंना वाट बदलायची होती. त्यांनी चंद्रावतीला खारघरच्या एका सोसायटीच्या बागेत काम करताना बघितलं होतं आणि तिथेच तिचा नंबर घेतला होता. कंत्राटदाराचा नव्हे, तिचा. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत श्रीखंडाच्या डब्यांची अकरा झाकणं होती. प्रत्येक झाकणात वेगळ्या रंगाच्या गोट्यांचा घट्ट झालेला नमुना. बदामी, राखाडी, विटकरी, काळा, निरनिराळी मिश्रणं. काकू झाकणं घेऊन अंगणात जायला निघाल्या, तर चंद्रावती सरळ खिडकीपाशी विनायकरावांकडे गेली.

"काका, तुमची काठी द्या जरा."

त्यांनी काहीशा नाखुशीने दिली. तिने काठीचं रबरी टोक एकेका झाकणावर दाबून, फिरवून बघितलं. मोठ्या गोट्यांचे नमुने बाजूला काढले. "यांच्यात टोक अडकतं. बारीक घालाय लागतील मध्ये." मग उरलेल्या झाकणांपैकी दोन त्यांच्यासमोर धरली. "हे दोन सारखे दिसतात काय?"

"मोतीबिंदू आहे मला. सगळं सारखंच दिसतं. आणि हे मला कशाला दाखवता? मला कुठे जायचंय? तिला विचारा."

"काकू पडल्या असत्या तर काकूंना विचारलं असतं," चंद्रावती म्हणाली.

काकूंनी घाईने विनायकरावांकडे बघितलं. विनायकराव मात्र चिडले नाहीत. झाकणांकडे बघत राहिले. चंद्रावतीने मग एकेक झाकण खिडकीतल्या उन्हात ठेवलं, काढलं, दुसरं ठेवलं. बदामी झाकणाच्या कडेला तिने काळे गोटे ओळीने लावले तेव्हा त्यांची नजर त्या कडेवरून गोल फिरून आली. तिने ते हेरलं. वहीत लिहिलं: मध्ये बदामी, दोन्ही बाजूंना हातभर काळी कड, बारीक दाणा. वाट कुठे संपते ते त्यांना वाकून बघायला लागू नये.

जुने ब्लॉक निघाले, मूळ जपून कडेची पट्टी वळवली गेली, खाली पाणी झिरपू देणाऱ्या काँक्रीटचा थर पडला आणि दोन आठवडे वाळला. गोटे पसरायचा दिवस गुरुवार ठरला. रेझिनचा एकच ड्रम मागवला होता. मिक्सरच्या पाच घाण्यांना पुरेल एवढा.

गुरुवारी सकाळी चंद्रावतीबरोबर तिचा दीर रामू आला. न्हावा शेव्याला वीस वर्षं ट्रेलर चालवून कंबर गेल्यावर त्याने स्वतःचा छोटा टेंपो घेतला होता. मिक्सर त्याच्या टेंपोत येई आणि तोच तो फिरवी. वहिनीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण बोलायला दहा वर्षांनी मोठा.

साडेनऊला मीठ कोरडं होतं. पहिल्या घाण्याचे तीन बदामी छटांचे गोटे ताडपत्रीवर ओतून फावड्याने मिसळून झाले. रामूने पिशवीतून नारळ काढला.

"वयनी, आज तुजं काम हाय. तूच फोड."

कंत्राटदाराकडे नारळ फोडला जायचा तो खोदकामाच्या दिवशी आणि तो मालक फोडायचा. चंद्रावतीने याआधी कुठल्याच कामाचा नारळ फोडला नव्हता. तिने पदर खोचला, उंबऱ्यापाशी नारळ फोडला, माहेरी मिठागराला पहिलं पाणी घेताना शिंपडायचे तसं करवंटीतलं पाणी बोटांनी उंबऱ्यासमोरच्या जागेवर, मिक्सरवर आणि गोट्यांच्या ढिगावर शिंपडलं, हात जोडले आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळून कामाला लागली.

त्या दिवशी तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या तर म्हणाली, "काकू, पानी आत. तिकडनंच आत." आमच्या भिंतीवर वाळत घातलेला ओला टॉवेलसुद्धा तिने हात करून काढायला लावला. रामूच्या कपाळावरचा घाम बघून स्वतःचा रुमाल त्याच्याकडे फेकला. "एक थेंब पडला ना भावजी, तर तुमाला मिक्सरमधी घालीन."

"घाल. तेवढीच वाट मजबूत."

पहिला घाणा हात बसवण्यापुरता लहान, तो उंबऱ्यासमोरच्या एवढ्याशा जागेतच संपला. पुढच्या चार घाण्यांसाठी एकेक पोतं त्या त्या वेळी फोडलं. ती गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत गेली आणि थापीखालून वाट निघत गेली, बदामी, दोन्ही कडांना काळी. दुपारी तीनला ती फाटकापाशी पोचली. खिडकीत विनायकराव सकाळपासून तसेच बसून होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा पुसला होता.

शुक्रवारी सकाळी सातला ती कडेच्या चिकटपट्ट्या काढायला आली आणि दारापाशी थबकली.

उंबऱ्यासमोर, साधारण पाट मांडावा एवढ्या जागेत, वाट पांढरी पडली होती. कुणी ताक सांडून तसंच वाळू दिलं असावं, तशी. तिने अंगठ्याच्या नखाने कोपरा दाबला. चार दाणे सुटून हातात आले. तिने ते तळहातावर घेतले, बघितले, आणि पुन्हा दाबलं. आणखी सहा आले.

पुढची वाट नेहमीसारखी चमकत होती. तिने ठिकठिकाणी नख लावून बघितलं. कडक. पण तिला त्याने धीर आला नाही. एकच ड्रम होता. सगळे घाणे त्याच ड्रममधले.

तिने माल पुरवणाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस झोपेतून उठलेला वाटत होता.

"ओल लागली असेल, मॅडम."

"ओल नव्हती. मी बघितलं होतं."

"मग ड्रम खराब. ड्रम खराब असेल तर एका जागी आधी दिसतं, मग दोन-तीन दिवसांत सगळीकडे. उचलायचं तर आजच उचला. पूर्ण घट्ट झाल्यावर खालचं काँक्रीटही घेऊन येईल."

चंद्रावती बराच वेळ वाटेच्या कडेला उकिडवी बसून होती. रामू मिक्सर घासत होता, त्याचं घासणंही थांबलं. काकू दारात आल्या, पांढऱ्या जागेकडे बघितलं आणि मग चंद्रावतीकडे.

"काकू, मी लपवनार नाय," ती म्हणाली. "सगळीच उखडाय लागंल बहुतेक."

काकू उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने हळू आवाजात, आतल्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "काल संध्याकाळी यांनी दिवा लावू दिला नाही. म्हणाले, काचेत खोली दिसते, वाट दिसत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं काही बघायला मागितलं."

चंद्रावतीने मान हलवली. तिला त्या वेळी काय वाटत होतं ते तिने पुढे एका वाक्यात सांगितलं. "आबा येऊन त्या पांढऱ्यापाशी उभे राहिलेत, असं वाटत व्हतं." आबा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन पंधरा वर्षं झाली आहेत.

दहा वाजता रामूने कुठूनसं भाड्याचं ब्रेकर मशीन आणलं. वायर खिडकीतून आत घेऊन प्लग लावला. चंद्रावतीने चपला काढल्या, मशीन उचलून वाटेच्या मध्यावर, अगदी चांगल्या घट्ट भागावर उभी राहिली. तिथून दोन्हीकडे तोडत जायचं होतं. तिने दोनदा पकड बदलली. बटण मात्र दाबलं नाही.

"थांब, वयनी," रामू म्हणाला. "तोडाचं पन काम हाय. असंच कसं सुरू कराचं? नजर लागली हाय. काल एकच नारळ फोडला, आन वाटंला टोकं दोन." त्याने पिशवीत हात घातला. सकाळीच येताना त्याने दुसरा नारळ घेतला होता.

"आता परत पाणी शिंपडू नका हं," खिडकीतून आवाज आला.

तिघंही वळले. विनायकराव गजांना धरून अर्धे उठले होते. त्यांचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला शेजारी राहूनही माहीत नव्हतं.

"कुठलं पानी, काका?" चंद्रावतीने विचारलं. "कालधरनं इथं पान्याचा थेंब नाय आलेला."

"नारळाचं."

रामूने हातातल्या नारळाकडे बघितलं.

"ते पानी नाय, काका," तो सावकाश म्हणाला. "ते तीर्थ."

"रेझिनला ते कळत नाही. एकतीस वर्षं तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात होतो मी. तपासणी विभागात. दसऱ्याला आमची माणसं उघड्या पिंपांवर कुंकवाचं पाणी शिंपडायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोन पिंपं फुगलेली असायची. तीन दसरे गेले ते कळायला." त्यांना दम लागला. ते खाली बसले, पण बोलायचे थांबले नाहीत. "काल तुम्ही तीन ठिकाणी शिंपडलंत. उंबऱ्यासमोर, मशीनवर आणि ताडपत्रीवरच्या ढिगावर. त्या ढिगाचा माल कुठे गेला?"

चंद्रावतीने उंबऱ्याकडे बघितलं. "पयला घाणा. तिथंच."

"आणि बाकीची पोती?"

"नंतर फोडली. एकेक."

"मग बघा."

तिने ब्रेकर हळूच खाली ठेवला. "तर काल बोलले का नाय तुमी?"

"पूजा चालली होती. पूजेत मध्ये कसं बोलायचं?" विनायकरावांनी चष्मा काढून हातात घेतला. "आणि तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. तांब्यासुद्धा आत पाठवलात."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते कळलं नाही.

आपलंच चुकलं हे समजल्यावर माणूस आधी ओशाळतो. चंद्रावती ओशाळली असेलच. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते वेगळं होतं. ड्रम चांगला असू शकतो, एवढंच तिला ऐकू आलं होतं. तरीही तिने लगेच विश्वास ठेवला नाही. "बोलून काय उपेग," ती म्हणाली. "बघू."

तिने टेंपोतून चार रिकामी झाकणं आणली. ड्रमच्या तळाशी थोडं रेझिन उरलं होतं. उरलेल्या कोरड्या गोट्यांत ते कालवून चारही झाकणं भरली. रामूने नारळ फोडला, या वेळी फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन, आणि करवंटी दोन्ही हातांत धरून जपून घेऊन आला. दोन झाकणांत चंद्रावतीने बोटाने तीन-तीन थेंब सोडले. दोन तशीच ठेवली.

"इकडे आणा," विनायकराव म्हणाले. "खिडकीच्या कट्ट्यावर. ऊन आहे इथे, दोन दिवसांत दिसायचं ते चार तासांत दिसेल. आशा, माझं घड्याळ दे आणि कॅलेंडरचं मागचं पान फाडून दे एक."

अकरा दहाला त्यांनी पहिली नोंद केली.

त्या दिवशी पुढे काही घडलं नाही आणि तरी कुणी जागचं हललं नाही. रामू टेंपोत मागे आडवा झाला, पण दर थोड्या वेळाने मान वर करून विचारायचा, "काका, काय म्हनतं?" चंद्रावती वाटेच्या कडेला बसून राहिली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, काकूंनी दोनदा विचारलं तरी नाही म्हणाली. बाराला ओल्या झाकणांत बारीक बुडबुडे दिसायला लागले. एकला त्यांचा रंग बदलला. विनायकराव दर अर्ध्या तासाने झाकण उजेडात तिरकं धरून बघत आणि लिहीत. मोतीबिंदूमुळे त्यांना पांढरं नीट दिसत नव्हतं, म्हणून ते बोटाने चाचपत, मग काकूंना विचारत, मग लिहीत. "तू फक्त रंग सांग. बाकी मला कळतं."

खरा प्रश्न कोरड्या झाकणांचा होता. ओली फेसाळणारच होती. कोरडीही पांढरी पडली असती तर ड्रम वाईट, आणि ब्रेकर तिथेच पडलेला होता.

साडेतीनला विनायकरावांनी कोरड्यांपैकी एक झाकण उचललं. गोटे आरपार स्वच्छ दिसत होते. त्यांनी नख लावलं. मग खिशातली किल्ली काढून टोकाने ओरखडा काढायचा प्रयत्न केला. मग ते झाकण उलटं करून कट्ट्यावर ठकठक आपटलं. एकही दाणा पडला नाही.

"पास," ते म्हणाले.

चंद्रावतीने झाकण हातात घेतलं. स्वतः नख लावलं. दुसरं घेतलं, त्यालाही लावलं. मग उठून वाटेवर गेली आणि जिथे पहिला घाणा संपून दुसरा सुरू झाला होता तिथे ओणवी झाली. काल तिथे दोन्ही घाणे तिने थापीने असे मिळवले होते की जोड कुणाला दिसली नसती. तिला ती दिसत होती. तिने एका बाजूला अंगठा दाबला, दाणे सुटले. चार बोटं पलीकडे दाबला. अंगठा दुखला.

ती तिथेच मांडी घालून बसली. पाठीचा कणा सकाळपासून ताठ होता तो हळूहळू वाकला, खांदे खाली आले. बराच वेळ ती तळहाताने ती चांगली बाजू नुसती चोळत राहिली. वरून एक विमान गेलं, तिने मान वर केली नाही.

"वयनी," रामू टेंपोतून म्हणाला, "आता तरी जेव. नायतर तुजा पन घाणा करावा लागंल."

"काकू," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "भात उरलाय काय?"

उरला होता. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आमटीभात जेवली, तीनदा वाढून घेतला, आणि तिसऱ्यांदा लोणचं मागून घेतलं. रामू बघत राहिला. "माज्यासाठी पातेलं तरी ठेव," एवढंच म्हणाला.

शनिवारी तिने पहिल्या घाण्याची जागा कापून काढली. बिघडलेला भाग तिने सरळ रेषेत कापला नाही. उंबरा धरून दोरीने अर्धवर्तुळ आखलं, ग्राइंडरने कापलं आणि कडेने ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून बसवली. त्या अर्धवर्तुळात तिने सगळे काळे गोटे घातले, बाकी वाटेपेक्षा किंचित जाड दाण्याचे. नवं रेझिन आदल्या संध्याकाळपर्यंत मिळालं होतं. मीठ बघून झालं. नारळाचं नाव कुणी काढलं नाही. रामूने फक्त कोरडे हात जोडले.

विनायकरावांनी खिडकीतून विचारलं, "तोच रंग का नाही घातला?"

"ठिगळ लपत नाय, काका. लपवाय गेलं की तेच आधी दिसतं. त्यापेक्षा सांगून टाकावं, इथं दुसरं हाय म्हनून."

"पायाला कळेल," ते म्हणाले. "जाड आहे ते."

"म्हनूनच घातलंय."

सोमवारी सकाळी ती उरलेला माल न्यायला आली तेव्हा मिक्सर टेंपोत चढवायचा होता. टेंपो फाटकासमोर उभा होता. काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. दार उघडं होतं. आतून काठीचा आवाज आला, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक.

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. मेथीची पानं खुडत राहिल्या. चंद्रावती फाटकापाशी पोतं बांधत होती, ती तशीच वाकलेली राहिली.

विनायकराव उंबऱ्याशी आले. एक हात चौकटीला. त्यांनी काठी खाली काळ्यावर टेकवली, दाबली, थोडी फिरवली. मग पाय ठेवला. मग दुसरा. तिथे ते बराच वेळ उभे राहिले, पायाखाली काय आहे ते तळव्याने वाचत असल्यासारखे. कुणी "या" म्हणालं नाही की "सांभाळून" म्हणालं नाही. त्यांनी चौकट सोडली.

बदामी भागावर काठी अडली नाही. टोक पडत होतं, उचललं जात होतं. ते काळ्या कडेकडे बघत, डाव्या कडेपासून सारखंच अंतर ठेवून चालत होते. रामफळापाशी, जिथे ते पडले होते, तिथे थांबले. खाली बघितलं. काठीने त्या जागेवर दोनदा ठोकून बघितलं, कारखान्यात पिंप ठोकून बघत असतील तसं, आणि पुढे निघाले. आशालताकाकूंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजत असाव्यात.

फाटकापाशी आल्यावर विनायकरावांनी कडीला हात घातला, फाटक ओढलं आणि बाहेर बघितलं.

"हा टेंपो कुणाचा?" ते म्हणाले. "भर दारात लावलाय. माणसाने जायचं कुठून?"

रामू टेंपोच्या मागून पुढे आला, हातात मिक्सरचा दांडा. चंद्रावतीने पोत्याची गाठ सोडली आणि उभी राहिली. तिचा आवाज थोडा चढला आणि मग नेहमीसारखा झाला.

"भावजी, टेंपो पुढं घ्या. काकांना जायचंय."